ब्रेन ट्यूमरच्या पेशंटला डिप्रेशनच्या गोळीचा त्रास होतोय असं वाटलं, तर ती बंद करावी का?

वडिलांना डेक्सामेथासोन (मेंदूची सूज कमी करणारं स्टेरॉइड) आणि लेव्हेटिरासिटाम (फिट रोखणारं औषध) आधीपासून चालू आहे, नुकतंच डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्राम सुरू झालं, आणि आता ते सारखे चिडतात, रात्रभर जागतात, असं तुम्ही लिहिलंय. नवी गोळी मनानेच बंद करू नका. दादाच्या ऑपरेशननंतर त्याची औषधं मी सांभाळते. घरात सगळ्यांचा संशय नव्या गोळीवरच जातो, पण चिडचिड आणि जागरण जुन्या दोन्ही औषधांनीही होतं.

स्टेरॉइडने झोप उडते, मूड वरखाली होतो. उशिराचा डोस दुपारपर्यंत उरकता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. दादाची झोप त्यानेच सुधारली. डेक्सा मात्र एकदम बंद करायचं नाही. शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणं कमी केलेलं असतं, शिवाय मेंदूची सूज पुन्हा वाढू शकते. लेव्हेटिरासिटामने काहींना राग अनावर होतो, उदासीही येते. न्यूरोलॉजिस्टना स्पष्ट सांगितलंत तर ते औषध बदलू शकतात. तोवर एकही डोस चुकवू नका, फिट येऊ शकते.

एस्सिटालोप्रामची मळमळ, अस्वस्थता बहुधा 1-2 आठवड्यांत ओसरते. गुण यायला मात्र 4 ते 6 आठवडे लागू शकतात, आणि हा मधला काळ घरच्यांना फार जड जातो. या गोळीने रक्तातलं सोडियम उतरू शकतं. मग गुंगी, डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ दिसतो आणि ट्यूमरच वाढला म्हणून सगळे हादरतात. सोबत कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन ही फिटची औषधं असतील तर धोका आणखी. तपासणी साधी रक्ताचीच आहे, डॉक्टरांना सांगून करून घ्या. केमोच्या उलट्यांसाठी ऑन्डान्सेट्रॉन चालू असेल तर ईसीजीबद्दलही विचारा, कारण दोन्ही औषधं हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. डिप्रेशनचं औषध बदलायची वेळ आलीच, तर बुप्रोपियॉनने फिट येण्याचा धोका वाढतो हे लक्षात असू द्या.

न्यूरोसर्जन, कॅन्सरचे डॉक्टर आणि सायकिअॅट्रिस्ट यांचे कागद वेगवेगळे असतात. कोणी काय लिहिलंय हे एकमेकांना माहीत असेलच असं धरू नका. एका वहीत सगळी औषधं, डोस बदलल्याची तारीख आणि त्रास कधी सुरू झाला ते लिहा. आमच्याकडे मूड बिघडल्याची तारीख स्टेरॉइड वाढवल्याच्या तारखेशी जुळली, तेव्हा कुठे डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं.

जीव देण्याची भाषा, फिट, अचानक वाढलेली गुंगी किंवा भास यांपैकी काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.