‘कुणाला सांगू नकोस’ ही तंबी आधी मागे घ्या

नमस्कार भाऊ,

मुलगी बारावी सायन्सला, नागपुरात होस्टेलवर राहून नीटची तयारी करते. सिकलसेल, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलेला रक्ताचा आजार. महिन्यातले चार-पाच दिवस क्लास बुडतो, टेस्टचे मार्क घसरलेत, सर म्हणतात नाटक करते. तिला पोलीस भरतीला लावू का, असं तुम्ही विचारलंय. मी मात्र तुमच्या दुसऱ्याच वाक्यापाशी थांबले : “पुढे लग्नाचं बघायचंय, म्हणून होस्टेलवर कुणाला सांगू नकोस अशी तंबी दिली आहे.” रूममेट झोपल्यावर ती हायड्रॉक्सीयुरियाची, म्हणजे सिकलसेलचं दुखणं आटोक्यात ठेवणारी, गोळी घेते, कधी राहूनच जाते, हेही तुम्हीच लिहिलंय.

भाऊ, ही तंबीच तिला आजारी पाडतेय. पाणी कमी पडलं, थंडी बाधली, फार दमणूक झाली की तिच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकू लागतात. बाहेरून बहुतेकदा काहीच दिसत नाही. त्यात या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. पाणी जास्त लागतं आणि बाथरूमलाही सारखं जावं लागतं. ज्या सरांना काहीच ठाऊक नाही, ते वर्गातून सारखं कसं सोडतील? मग पोरगी पाणीच पीत नाही, वर एसीच्या झोतात बसते.

तिला विचारून अर्ध्या पानाचा कागद करा. वॉर्डन, क्लासचे सर आणि तिनं निवडलेली एक मैत्रीण, एवढ्यांना पुरे. त्यात लिहा : जन्मजात रक्ताचा आजार आहे, लागण होत नाही. बाटली बाकावर राहील, बाथरूमला अडवू नये, जागा एसीपासून लांब असावी. दुखलं तर शेक द्यावा, बर्फ कधीच लावू नये. ताप 101 च्या वर गेला, छातीत दुखलं, धाप लागली किंवा बोलताना जीभ अडखळली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना. खाली तुमचा आणि डॉक्टरांचा नंबर.

लग्नात तर लपवणं सगळ्यात महागात पडतं. नवरा एएस वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेला, निघाला तर प्रत्येक अपत्याला एसएस होण्याची शक्यता 50 टक्के. तो एए, म्हणजे सदोष जनुक नसलेला, असेल तर मुलं वाहक होतील, आजारी नाही. ही तपासणी आजार सांगितल्याशिवाय कशी होणार?

‘दिव्यांगाचा दाखला काढला की सरकारी नोकरी पक्की’ हे नातेवाइकांचं म्हणणं चुकीचं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे, पण नोकरीतलं 4 टक्के आरक्षण ज्या गटांना आहे त्यांत रक्ताचे आजार नाहीत. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणातल्या किमान 5 टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. एसएस असलेल्या प्रत्येकाला 40 टक्के मिळतातच असं नाही. परीक्षेतल्या जादा वेळेसाठी, तासाला किमान 20 मिनिटं, कॉलेजमार्फत आधीच अर्ज करावा लागतो. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज आत्ताच भरा. ऐन फॉर्मच्या दिवसांत धावपळ होते.

पोलीस भरती नकोच. घड्याळ लावून 800 मीटर धावणं आणि पुढचं प्रशिक्षण म्हणजे दुखण्याला आमंत्रण. नीटसोबत एमएचटी-सीईटीचा फॉर्म भरून फार्मसीची वाट उघडी ठेवा. तीन महिने गोळी न लपवता, न चुकता घेऊ द्या. मग टेस्टचे मार्क पाठवा, पुढचं त्यावरून ठरवू.