वडिलांना दहा वर्षांपासून शुगर आहे, त्रास काहीच नाही. पुढचा धोका कसा ओळखायचा?

तुम्ही लिहिलंय की वडील खानापूरकडे शेती करतात, उपाशीपोटीची साखर १३०च्या आसपास असते, म्हणून घरचे निश्चिंत आहेत. मला काळजी वाटते ती याच निश्चिंतपणाची. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड बिघडतात तेव्हा सुरुवातीला काहीच दुखत नाही.

उपाशीपोटीचा आकडा त्या सकाळपुरता. एचबीए१सी ही रक्ततपासणी करा, त्यात साधारण तीन महिन्यांची साखरेची सरासरी कळते. बहुतेकांसाठी ती ७ टक्क्यांच्या खाली असलेली बरी, वय जास्त असेल तर डॉक्टर थोडी सूट देतात. त्यासोबत लघवीतल्या अल्ब्युमिनची (एक प्रथिन) तपासणी नक्की मागा, कारण मूत्रपिंड बिघडल्यावर रक्तात साठणारं क्रिएटिनिन वाढायच्या आधीच ती इशारा देते. लघवीतल्या क्रिएटिनिनच्या तुलनेत अल्ब्युमिनचं प्रमाण ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या वर आलं तर पुन्हा तपासून खात्री करायची. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आहेच. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा बघून घ्या. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे.

आणि पाय! भातलावणीला माणसं अनवाणीच चिखलात उतरतात. बधिर तळव्याला काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते. डॉक्टर नायलॉनचा बारीक तंतू टेकवून स्पर्श कळतो का बघतात. घरी रोज रात्री तळवे, बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः बघा.

वडील तंबाखू खातात किंवा विडी ओढतात का, ते लिहिलं नाहीत. आपल्या निपाणी भागात त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण हृदयाचा धोका त्याने बराच वाढतो. डॉक्टरांना हे लपवू नका.