निःसंतान ठरवलेल्या राजाची पाच मुलं

प्रश्न : वर्षभरात बायबल वाचून काढायचं ठरवते आणि दरवर्षी १ इतिहासाशी येऊन अडकते. नऊ अध्याय नुसती नावं! गाळले तर चालेल का?

गाळलेत म्हणून कोणी रागावणार नाही. पण या यादीचा पहिला वाचक कोण होता ते बघा. बाबेलच्या राजाने यहूदी लोकांना कैद करून नेलं होतं; त्या बंदिवासातून परतलेल्यांचा तो वारस. गादीवर दावीदाचा वंशज नाही, वर पारसी सम्राटाचा अंमल. देवाने अब्राहामाला आणि दावीदाला वंशाबद्दल दिलेलं वचन आपल्याला अजून लागू आहे का, ही त्याची धास्ती. लेखक आदामापासून नावं सांगत येतो आणि तिसऱ्या अध्यायात दावीदाचं घराणं बंदिवासाशी न थांबवता पुढच्या पिढ्याही मोजतो. निदान तो तिसरा अध्याय वाचाच. बाकीचे अंगावर येतात, हे मलाही मान्य आहे.

प्रश्न : यिर्मया २२:३० मध्ये यखन्या राजाला (दावीदाच्या घराण्यातला, बाबेलला कैद होऊन गेलेला) निःसंतान म्हणून लिहायला सांगितलं आहे. मग मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात त्याला येशूच्या वंशावळीत कसं घेतलं?

वचन शेवटपर्यंत वाचलंत तर ‘निःसंतान’चा अर्थ तिथेच सापडतो : त्याच्या संततीतला कोणी दावीदाच्या गादीवर बसणार नाही. मुलं तर होतीच, आणि त्यांची नोंद बायबलबाहेरही आहे. बाबेलच्या राजवाड्याच्या उत्खननात मातीच्या पाट्या मिळाल्या, शिधावाटपाच्या. १९३९ मध्ये त्यांतला मजकूर प्रसिद्ध झाला. एक पाटी ख्रिस्तपूर्व ५९२ ची आहे. तिच्यात यहूदाचा राजा ‘याउकीन’ (आपला यखन्या) आणि त्याची पाच मुलं यांच्या नावे तेल दिल्याची नोंद आहे. शत्रूच्या कोठारातला कारकून तेलाचा हिशेब लिहीत होता आणि नकळत दावीदाच्या घराण्याची हजेरी मांडत होता!

आता यिर्मयाच्या याच अध्यायातलं २४वं वचन. तू माझ्या उजव्या हातातली मुद्रा (शिक्क्याची अंगठी) असतास तरी तुला उपटून काढलं असतं, असं देव यखन्याला सुनावतो. पुढे ख्रिस्तपूर्व ५२० मध्ये हाग्गय संदेष्टा त्याच्याच नातवाला, जरुब्बाबेलला, सांगतो की देव तुला मुद्रेसारखा करील. तोच शब्द. शाप इथे मागे घेतला गेला असं काही अभ्यासक मानतात. काहींच्या मते तो गादीपुरताच होता, कारण जरुब्बाबेल सुभेदार झाला, राजा नव्हे. मला पहिलं मत पटतं. आजोबांच्या शिक्षेतला शब्द हाग्गयाने सहज उचललेला नाही. आणि देवाने दावीदाशी केलेल्या, २ शमुवेल ७ मधल्या करारातच दोन्ही गोष्टी आहेत : वंशजाने अधर्म केला तर छडी बसेल, पण कृपा काढून घेतली जाणार नाही.

प्रश्न : मत्तय तीनदा चौदा पिढ्या मोजतो, पण राजांच्या यादीशी ताळा जमत नाही.

जमणार नाही. योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे त्याने वगळले आहेत. परंपरा मत्तयाला जकातदार मानते, म्हणजे मोजणं काही त्याला जड नव्हतं! या वंशावळींत ‘मुलगा’ म्हणजे नातू-पणतूही चालतो. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते, आणि ‘दावीद’ या नावाच्या अक्षरांची बेरीज १४ होते. चौदाचा आग्रह बहुधा त्यासाठीच.

प्रश्न : योसेफाचा बाप कोण, मत्तयातला याकोब की लूकातला एली?

तिसऱ्या शतकात आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने दिराने भावाच्या विधवेशी लग्न करण्याच्या चालीवरून उत्तर सुचवलं : एक जन्मदाता, दुसरा कायद्याने बाप. लूकाची यादी मरीयेच्या बाजूची, असंही म्हणतात, पण लूक स्वतः तसं म्हणत नाही.

प्रश्न : सारा, रिबका सोडून मत्तयाने तामार, राहाब, रूथ यांचीच नावं का घेतली?

तामारची गोष्ट उत्पत्ती ३८ मध्ये वाचा. दावीदाचा पूर्वज यहूदा याने विधवा सुनेला माहेरी धाडून दिलं, चालीप्रमाणे तिच्याशी लग्नासाठी धाकटा मुलगा दिलाच नाही. तिने तोंड झाकून त्याला गाठलं, त्याची मुद्रा, दोरी, काठी गहाण ठेवून घेतली आणि त्याच्यापासून गरोदर राहिली. त्याच वस्तू पुढे तिने त्याच्याकडे धाडल्या, तेव्हा ‘ती माझ्यापेक्षा नीतिमान’ असं त्याला कबूल करावं लागलं. वचनाचा धागा पुरुषांनी सोडला होता, तो तिने धरला. राहाब यरीहोची, रूथ मवाबी, दोघीही परक्या.

चौथीचं मात्र नावच नाही. शलमोनाची आई बथशेबा, पण तसं न लिहिता मत्तय ‘उरीयाची बायको’ म्हणतो. दावीदाशी करार झाला २ शमुवेलच्या सातव्या अध्यायात, दावीदाने तिच्या नवऱ्याला, उरीयाला, मारवलं अकराव्यात, आणि मत्तयाने शलमोनाच्या नावाशेजारी उरीयाचं नाव तसंच राहू दिलं.