आजोबांना ते वाक्य परत घ्यावं लागेल

पत्र

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. ती आठ वर्षांची असताना तिला ऑटिझम असल्याचं निदान झालं. अभ्यासात हुशार आहे, वाचन भरपूर, पण बोललेला शब्द जसाच्या तसा धरते. गेल्या आठवड्यात माझे सासरे टीव्हीवर बातम्या बघत होते आणि ती त्यांना ग्रहांबद्दल एकामागून एक प्रश्न विचारत होती. ते वैतागून म्हणाले, "आता माझ्याशी एक शब्दही बोलू नकोस." तेव्हापासून ती खरोखरच त्यांच्याशी बोललेली नाही. त्यांनी काही विचारलं तर नुसती मान हलवते. सासऱ्यांना वाटतं ती डूख धरून बसली आहे. आतून ते फार दुखावलेत, पण "मी मोठा, मी का माघार घेऊ?" म्हणतात. नवरा म्हणतो, विसरेल हळूहळू. नणंदेची मुलं आली की तिला मुद्दाम काहीबाही सांगतात आणि तिने ते खरं धरलं की हसतात. मी काय करू? सगळ्या घराने पुस्तकातल्यासारखं बोलायचं, की तिलाच जगाची भाषा शिकवायची?
— एक आई

उत्तर

तुमची मुलगी रुसलेली नाही. तिला एक सूचना मिळाली आणि ती ती पाळते आहे. आजोबांच्या वाक्यात "बातम्या संपेपर्यंत" असं कुठेच नव्हतं. ती मुदत आपण ऐकणारे मनातल्या मनात जोडून घेतो, आवाजावरून, चेहऱ्यावरून, आजवरच्या अनुभवावरून. तिने ती जोडली नाही, कारण ती कोणी सांगितलीच नाही. मग अशी सूचना संपते कधी? ज्याने दिली तो "संपली" म्हणेल तेव्हा. म्हणून "विसरेल हळूहळू" यावर विसंबून राहू नका. ती विसरणार नाही.

सासऱ्यांनी तिच्याजवळ बसून साधारण असं म्हणावं: "त्या दिवशी मी तुला माझ्याशी बोलू नकोस म्हणालो. मला फक्त बातम्या संपेपर्यंत शांतता हवी होती, पण ते मी नीट सांगितलं नाही. आता तू माझ्याशी बोलू शकतेस, आज, उद्या, रोज. बातम्या चालू असतील तेव्हा मात्र त्या संपेपर्यंत थांबायचं आणि मग ग्रहांबद्दल विचारायचं." इतकं पुरे. "झालं गेलं विसरून जा" नको, कारण नेमकं काय विसरायचं हे तिला कळणार नाही. "आजोबांवर राग आहे का गं?" असंही नको, कारण राग नसेल तर ती "नाही" म्हणेल आणि गप्पच राहील. बोलून झाल्यावर उत्तराची घाई करू नये. ऐकलेलं मनात लावून घ्यायला अनेक ऑटिस्टिक मुलांना जास्त वेळ लागतो, आणि त्या वेळात तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगितलं की तिचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. समोरासमोर बोलणं त्यांना जड जात असेल तर हेच कागदावर लिहून द्यावं. लिहिलेलं तिला कदाचित अधिक सोपं जाईल.

माघारीबद्दल त्यांना माझ्या वतीने एक सांगा. ज्या मुलीच्या डोक्यात ग्रहांबद्दलचे इतके प्रश्न आहेत, तिने ते आठवडाभर आवडत्या माणसापासून आवरून धरलेत, कारण त्या माणसाने तसं सांगितलं. हा त्यांचा अपमान आहे असं मला जराही वाटत नाही. घरात त्यांचा शब्द इतक्या मनापासून पाळणारं दुसरं कोण असेल?

ही गोष्ट नवी नाही. बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करणारा लेख प्रसिद्ध केला. ऑटिझमच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या नोंदींमध्ये तो धरला जातो. त्यातल्या एका मुलाचे वडील घरातल्या भिंतीवरच्या चित्रांबद्दल बोलत होते. मुलगा अस्वस्थ झाला आणि त्याने दुरुस्ती केली, चित्रं भिंतीजवळ आहेत. त्याच्या लेखी भिंतीवर म्हणजे भिंतीच्या वरच्या बाजूला. त्या मुलाची भाषा कच्ची होती असं मी म्हणणार नाही. तो आपल्यापेक्षा काटेकोर होता, एवढंच.

तुमचा शेवटचा प्रश्न, घराने बदलायचं की मुलीने. दोघांनी, पण आधी मोठ्यांनी, असं माझं ठाम मत आहे. डॅमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधली गैरसमजाची दरी दोन्ही बाजूंनी असते. आपल्यालाही त्यांचं मन तितकंच कमी कळतं. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी आठ-आठ माणसांची साखळी. सगळी माणसं ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जवळजवळ तितकीच टिकली जितकी सगळी बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. जास्त गळती झाली ती मिश्र साखळ्यांमध्ये. तुमचं घर ही अशीच मिश्र साखळी आहे, आणि आजवर सगळी गळती एकट्या मुलीच्या खात्यावर मांडली गेली आहे.

पुस्तकातल्यासारखं बोलायची गरज नाही. चार ठिकाणी पूर्ण बोललात तरी घरातला निम्मा ताण उतरेल. काम सांगताना प्रश्न विचारू नका. "पुस्तकं आवरतेस का?" याला "नाही" हे तिचं खरं उत्तर आहे, उद्धटपणा नाही. "जेवायच्या आधी टेबलावरची पुस्तकं कपाटात ठेव" म्हणा. "दुधाकडे लक्ष दे" म्हणालात तर ती ते उतू जाताना लक्ष देऊन बघेल. "दूध वर यायला लागलं की गॅस बंद कर" हे खरं काम आहे आणि तेच सांगायला हवं. वेळेचंही तसंच. "दोन मिनिटांत आले" म्हणून वीस मिनिटं लावलीत तर उरलेली अठरा मिनिटं ती काळजीत काढते. किती वेळ लागेल माहीत नसेल तर तसंच सांगा.

धमक्या मात्र आजपासून पूर्ण बंद करा. "पुन्हा असं केलंस तर घराबाहेर काढीन", "तुला इथेच सोडून जाईन", "माझं डोकं फुटेल आता". रागाच्या भरात तोंडून निघणारी ही वाक्यं बहुतेक मुलं आईचा सूर ओळखून सोडून देतात. तुमची मुलगी रात्री अंथरुणात पडून, घराबाहेर गेल्यावर झोपायचं कुठे, याचा विचार करत असू शकते. आणि ती हे तुम्हाला सांगेलच असं नाही, कारण तिच्या मते तुम्हाला ते माहीतच आहे. तुम्हीच तर म्हणालात. असं वाक्य निघून गेलंच तर आजोबांना सुचवलं तसंच करा, शब्दांनी परत घ्या. नुसतं जवळ घेतल्याने ते रद्द होत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तिच्या सुरक्षिततेबद्दल बोलायलाच हवं. "मोठ्यांचं ऐकावं" हा नियम आपण मुलांना सरसकट शिकवतो आणि अपवाद त्यांना आपोआप कळतील असं धरून चालतो. तिला कळणार नाहीत. ते नाव घेऊन सांगा: अंगाला हात लावणारा, कपडे काढायला सांगणारा, "आईला सांगू नकोस" म्हणणारा, एकटीला कुठे घेऊन जाऊ बघणारा माणूस मोठा असला, ओळखीचा असला, नात्यातला असला तरी त्याचं ऐकायचं नाही, "नाही" म्हणून तिथून निघायचं आणि त्याच दिवशी येऊन आईला सांगायचं. "अनोळखी माणसाशी बोलू नकोस" यातही खाच आहे. एकदा नाव सांगितलं की तो माणूस अनोळखी राहत नाही, असा तिचा हिशेब असू शकतो. आणि वाट चुकली तर मदत कुणाकडे मागायची, हेही याच वाक्याने बंद होतं. कुणाकडे मागायची ते माणसांसकट ठरवून द्या.

डॉक्टरांकडेही हेच. "दुखतंय का?" याला ती "नाही" म्हणेल, कारण त्या क्षणी दुखत नसेल. "काल रात्री दुखलं का? कुठे? बोट ठेवून दाखव" असं विचारलं की सगळं बाहेर येईल.

आता तिचं शिकणं. म्हणी आणि वाक्प्रचार शब्दसंग्रहासारखे शिकता येतात, आणि वाचनाची आवड असलेल्या मुलीला ते आवडूही शकतात. एक वही करा. "डोकं खाऊ नकोस", "पोटात कावळे ओरडतायत", "तोंड सांभाळून बोल" हे एका बाजूला, खरा अर्थ दुसऱ्या बाजूला, आणि कोण कधी म्हणतं तेही. चित्रं तिला हवी तशी काढू द्या. उपरोध शिकणं जास्त कठीण असतं, कारण त्यात शब्द सरळ असतात आणि अर्थ उलटा. तिथे घाई नको. सगळ्यात उपयोगी पडेल ते एक वाक्य तिच्या तोंडी बसवा: "तुम्ही हे खरंच म्हणताय का?" आणि ते विचारल्यावर घरातल्या कोणीही सुस्कारा टाकायचा नाही, हे ठरवून घ्या. एकदा जरी कोणी वैतागलं तरी ती विचारणं सोडून देईल आणि कळल्यासारखं दाखवायला शिकेल. मोठ्या होणाऱ्या अनेक ऑटिस्टिक मुली हेच करतात, इतर हसले की हसतात, आणि त्यात पार थकून जातात. त्यामुळे "कळलं ना?" विचारू नका, "मी काय करायला सांगितलं?" असं विचारा.

नणंदेच्या मुलांच्या बाबतीत मी मुळीच मऊ नाही. नणंदेशी तुमच्या नवऱ्याने बोलावं, तुम्ही नव्हे; बहिणीला भावाने सांगणं सोपं जातं आणि हे काम एकट्या आईचं नाही. मुलांना त्याने स्वतः सांगावं की ती तुमच्या शब्दावर विश्वास ठेवते, आणि त्या विश्वासाची गंमत करायची नाही. तिला ऑटिझम आहे हे त्यांना सांगायचं का, हे आधी तिलाच विचारा. अकराव्या वर्षी हे ठरवण्यात तिचा वाटा असायला हवा. तिला स्वतःला निदानाबद्दल कितपत माहीत आहे हे तुमच्या पत्रात नाही. माहीत नसेल तर शांतपणे, सरळ शब्दांत सांगायची वेळ झाली आहे. बोलायचं कसं हे ठरवायला तिच्या स्पीच थेरपिस्टची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्या.

शाळेलाही एक पानभर लिहून द्या. "मुलगी अबोल आहे, समजून घ्या" असं मोघम नको. सूचना एका वेळी एक द्यावी, शक्यतो फळ्यावर लिहावी, उपरोधाने बोलू नये, आणि परीक्षेत "कारण सांगू शकाल का?" असा प्रश्न आला आणि तिने "हो" लिहिलं तर तिला बोलावून एकदा विचारावं, एवढं त्यात नेमकं लिहा. आजोबांचं उदाहरणही त्यात घाला, त्यांची हरकत नसेल तर.