ड्युटीची ओव्हर दिली, तरी वॉर्ड सुटत नाही

प्रश्न : ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तीस खाटा, रात्री मी आणि एक मावशी. पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी सुरू झाली की विषबाधेचे पेशंट येतात. परवा एक म्हातारी तिसऱ्यांदा म्हणाली, "पाणी दे व माय," तर मी तिच्यावर खेकसले. घरी येऊन रडले. घरचे म्हणतात, सरकारी नोकरी आहे, आणखी काय पाहिजे? मी वाईट नर्स झाले का?

उत्तर : खेकसले तर मीही आहे, बाई. विषबाधेवरचं अ‍ॅट्रोपिन चालू असलेला पेशंट बरळत सलाइन उपटतोय, दर काही मिनिटांनी त्याची नाडी आणि छातीतली घरघर पाहायची, चार्ट भरायचा, आणि पलीकडून कुणी पाणी मागतं. तेव्हा आवाज चढतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली : गळून जाणं, कामाचा वीट, आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं. त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागी साचत गेलेल्या, न आवरलेल्या ताणातून ते येतं, असं म्हटलंय. म्हणून मला त्या प्राणायामाच्या शिबिरांचा राग येतो. रात्रीला एकच सिस्टर, त्यावर अनुलोम-विलोम काय करणार?

रजिस्टर काढ. फवारणीच्या महिन्यांत रात्री किती पेशंट आले ते मोज आणि आकड्यांसह अर्ज दे : या दिवसांपुरती नाइटला दुसरी सिस्टर हवी. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नकोस. मी अठरा वर्षं तोंडीच सांगत राहिले.

आता झोपेचं. पहाटे तीननंतर चहा नको. घरी गेलीस की आधी भाकरी थापायला बसतेस ना? ते सासूबाईंशी एकदा बोलून घे. खिडकीला जाड चादर, कूलर चालू, फोन दुसऱ्या खोलीत.

सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर थांबू नकोस. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. नुसतं रडू येत असलं तरी लाव.

आणि त्या म्हातारीला अजून सुट्टी झाली नसेल, तर आज ड्युटीवर गेल्या गेल्या मावशीकडून तिच्या उशाशी तांब्या भरून ठेव.