पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या आतच चालवावी, हे कितपत खरे?

नवीन १२५ सीसी मोटारसायकल पहिले १००० किलोमीटर चाळीसच्या आतच ठेवावी का, पहिल्या सर्व्हिसिंगला ऑइल बदलावे का आणि टेफ्लॉन कोटिंग करून घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. यांतल्या पहिल्या दोन मुद्द्यांवर माझा आणि आमच्या दाजींचा जुना वाद आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

दाजींनी तरुणपणी राजदूत चालवली. मी नवी गाडी घेतली तेव्हा परभणीहून जिंतूरला जाताना ते मागे बसले होते आणि टॉप गिअरमध्ये काटा चाळीसवरच धरायचा, असा त्यांचा हुकूम होता. चढाला इंजिन धडधडू लागले तरी ते गिअर उतरवू देईनात. हा सल्ला साफ चुकीचा आहे. जळालेल्या वायूच्या दाबाने पिस्टनच्या रिंगा बाहेर रेटल्या जातात आणि सिलेंडरच्या भिंतीला घासून तिथे बसतात. त्यासाठी इंजिनावरचा भार कमीजास्त होत राहिला पाहिजे, म्हणजेच वेग आणि गिअर बदलत राहिले पाहिजेत. ऍक्सिलरेटर पूर्ण पिळू नये, हे मात्र खरे.

ऑइलच्या बाबतीत मी जास्तच हट्टी आहे. पहिल्या सर्व्हिसिंगला आमच्या मेकॅनिकने ‘ऑइल अजून स्वच्छ आहे’ असे सांगितले आणि दाजींनी लगेच मान डोलावली. मी समोर उभे राहून ऑइल काढायचा बोल्ट उघडायला लावला, तेव्हा पांढऱ्या फडक्यावर धातूचा कीस चांदीच्या वर्खासारखा चमकत होता. नव्या इंजिनाची पहिली झीज त्या ऑइलात उतरते, म्हणून ते बदलायचे, रंग कसाही असो. दाजींच्या राजदूतचे इंजिन टू-स्ट्रोक होते. त्यात ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाते आणि बदलण्यासारखे राहते ते गिअरबॉक्सचे. त्या गाडीचा नियम आजच्या फोर-स्ट्रोक गाड्यांना लावून त्यांनी आजवर किती जणांना सल्ले दिले असतील, देव जाणे.

कारचे उरलेले ऑइल कोणी फुकट दिले तरी घालू नका. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि कारच्या काही ऑइलांनी तो घसरतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (असा क्लच असलेल्या मोटारसायकलींच्या ऑइलची खूण) छापलेले पाहून घ्या. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या फुफाट्यात एअर फिल्टर पुस्तकात दिलेल्या मुदतीच्या आधीच तपासावा, आणि चेनला साधारण दर ५०० किलोमीटरला वंगण द्यावे. टेफ्लॉन हा रंगाच्या चकाकीचा विषय आहे, इंजिनाशी त्याचा संबंध नाही.

वेगाची आणि पहिल्या सर्व्हिसिंगची नेमकी मर्यादा प्रत्येक गाडीची वेगळी असते, तेव्हा माझ्यापेक्षा तुमच्या गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेचे ऐका. दाजींना मी तेच पान दाखवले होते. कंपनीला ऑइल खपवायचे असते, असे ते म्हणाले.