पगार सारखाच असेल, तर कॉलेजचं वातावरण बघायचं का?

तुमची दोन अनुदानित महाविद्यालयांत सहायक प्राध्यापक म्हणून निवड झालीय आणि 'वातावरण' बघून ठरवावं का, असं विचारलंय. बघाच. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन दोन्हीकडे ५७,७०० पासूनच सुरू होणार. फरक पडतो तो बाकीच्या गोष्टींनी.

मी रसायनशास्त्र शिकवते, एकोणीस वर्षांत दोन कॉलेजं पाहिली. पहिल्या ठिकाणी मस्टर प्राचार्यांच्या टेबलावर असायचं. एकदा टायट्रेशनची रीडिंग जुळेनात म्हणून मुलांबरोबर संध्याकाळी साडेसहापर्यंत प्रयोगशाळेत थांबले. दुसऱ्या दिवशी बस चुकली, सात मिनिटं उशीर झाला, तर सहीच्या रकान्यात लाल पेनाने लेट मार्क! पगार कापला नाही कुणी. पण त्यानंतर मी घड्याळ बघून प्रॅक्टिकल आवरायला लागले. मुलं "मॅडम, अजून एक रीडिंग" म्हणायची आणि मी "उद्या" म्हणायचे. ते आजही सलतं.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार आपल्याला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. ते मला कधीच जड गेले नाहीत. दमवलं ते नॅकच्या, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठीच्या, फायलींनी. न झालेल्या कार्यक्रमांचे अहवाल लिहा, मागची तारीख टाकून सह्या करा. नाही म्हणालात, तर पुढच्या टाइमटेबलमध्ये सकाळचा पहिला आणि दुपारचा शेवटचा तास तुमचा.

दुसऱ्या कॉलेजातही नॅक आहे, कागदही तेवढेच आहेत. पण कामं जूनमधल्या बैठकीत सगळ्यांसमोर वाटली जातात आणि प्राचार्य स्वतः आठवड्याला दोन लेक्चर घेतात, त्यामुळे वर्गातली अडचण त्यांना समजावून सांगावी लागत नाही. तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) शिक्षकांना तर घेतलेल्या तासांपुरतेच पैसे, सुट्टीत काहीच नाही. पहिल्या कॉलेजात त्यांना साधं कपाट नव्हतं, पिशवी मांडीवर घेऊन लायब्ररीत बसायचे. इथे त्यांना ड्रॉवर आहे, विभागाच्या बैठकीत त्यांचं म्हणणं मिनिट्समध्ये येतं. त्यांचं दुखणं एवढ्याने मिटत नाही, हे मला माहीत आहे. तरी त्यांच्याकडे बघून मला कॉलेज कळतं.

रुजू होण्याआधी दोन्हीकडे मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये जा. सीएचबीवाले डबा कुणाबरोबर खातात, प्राचार्य आत आले की बोलणं थांबतं का, ते बघा. आणि निघताना लॅब असिस्टंटशी पाच मिनिटं बोलून घ्या.